वाचलेलं आठवड्याभरात विसरतो. पुन्हा पुन्हा वाचू की दुसरं काही करू?

पुन्हा वाचू नका, पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढा; टिकतं ते तसंच. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर हे तपासलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने त्यांना सुमारे ४२ टक्के आठवलं आणि एकदा वाचून मग आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि आपल्याला येतंय असा भास होतो, सगळी गफलत तिथेच.

करायचं इतकंच:

- प्रकरण वाचून झालं की कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, मग पुस्तक उघडून सुटलेलं लाल पेनाने भरा.
- दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा आठवड्याने, जुना कागद न बघता नव्याने लिहा. लाल शाईतलं किती आलं ते नंतर ताडून बघा.

पहिल्या खेपेला अर्धंही आठवणार नाही, चालतं. मात्र मुळात न समजलेल्या भागाला हा उपाय नाही, तो आधी कुणाकडून तरी समजून घ्या. आणि पेपर तासाभरावर आला असेल तर सरळ नोट्सवरून नजर फिरवा.