न्यू जर्सीची भाचरं आणि ठाण्यातला गणपती

ताई, मुलं पहिल्यांदाच गणपतीला येताहेत, तर मखर त्यांच्याकडेच सोपवा. सुपरहिरोचं शहर करायचं म्हणाली तर करू द्या. पुठ्ठा आणि कागद वापरा. थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे. चित्रं मूर्तीच्या मागे आणि बाजूला लावावीत, डोक्यावर नकोत. मूर्ती मात्र नेहमीचीच आणा, शाडूची, आठ-नऊ इंचांची.

आरतीत घोळ होतो तो वेगामुळे. मोठी माणसं सुसाट सुटतात, मुलांना एक शब्द लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी ती खोलीतून बाहेरच येत नाहीत. म्हणून आठवडाभर आधी व्हिडिओ कॉलवर एकच कडवं संथपणे म्हणून घ्या, अर्थासकट. शब्द रोमन लिपीत लिहून पाठवा. त्यात काही बिघडत नाही. घरी एकाला झांजा द्या, एकाला घंटा. ठेका धरला की लाज जाते. कोरियन गाणी लावायची असतील तर आरती-प्रसाद झाल्यावर खुशाल लावू द्या, पण 'हे काय ऐकता' असं आजोबांनी म्हणू नये. हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

मोदकाला वाटीभर तांदूळपिठाला वाटीभर पाणी, अर्धा चमचा तूप, चिमूटभर मीठ. उकड गरम असतानाच मळा, गार झाली की पारी चिरते. वाफ दहा-बारा मिनिटं. वाकड्या कळ्यांचे मोदकही नैवेद्यात ठेवा.

विसर्जन घरीच, मूर्ती पूर्ण बुडेल एवढ्या बादलीत. शाडू विरघळायला वेळ लागतो, ते मुलांना टाइमलॅप्समध्ये टिपू द्या.