पसंतीक्रम भरण्याआधी

प्रिय मुली,

इंजिनिअरिंग प्रवेशासाठीची तुझी यादी पाहिली. पाचही कॉलेजं सोलापुरातली. का, विचारलं तर म्हणालीस, "मॅडम, संध्याकाळच्या एसटीनं घरी येता येतं." बारावीनंतर मीही मंगळवेढ्याच्या एसटीची वेळ बघूनच कॉलेज धरलं होतं. पुढे कित्येक वर्षं ती माझी आवडच होती, असं सांगत राहिले. म्हणून हे लिहितेय.

सोलापूर कमी नाही. वालचंद कॉलेज इथं १९८३ पासून आहे, आणि मनापासून तेच हवं असेल तर बिनधास्त घे. पण तुझे मार्क पुण्यापर्यंत जातात, आणि पुण्याचं नाव यादीत एकदाही नाही.

तुमची कोरडवाहू ज्वारी. पेरा सप्टेंबर-ऑक्टोबरात, काढणी फेब्रुवारी-मार्चात, पैसा तेव्हाच. प्रवेश मात्र ऐन पावसाळ्यात, घरात बी-बियाण्याचीच ओढाताण असते तेव्हा. आप्पा "परवडत नाही" म्हणतात ते त्या महिन्यातल्या खिशाकडे बघून. त्यांचं चुकत नाही. पण चार वर्षांचा हिशोब त्या एका महिन्यावर ठरवू नकोस.

फीचं आधी बघ. कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तुझा ओबीसीचा दाखला आहे. उत्पन्नाचा आणि नॉन-क्रीमीलेअरचा काढायला उद्याच सेतूत जा, गर्दीत दिवस मोडतात. मॅनेजमेंट कोट्याच्या जागेला ही माफी नाही, तेव्हा कुणी तसं सुचवलं तर सरळ नाही म्हण. खरा खर्च उरतो तो खोली आणि मेसचा. तो आकडा कागदावर मांडल्याशिवाय कोणतंही कॉलेज खोडू नकोस.

आणखी एक, फार महत्त्वाचं. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ती जागा पक्की होते, पुढच्या फेऱ्यांत तुला जाता येत नाही. सोलापूर पहिलं लिहिलंस आणि मिळालं, तर पुण्याचा दरवाजा तूच लावून घेतलेला असेल. मनात जे पहिलं आहे तेच पहिलं लिही, सोलापूर त्याच्या खाली राहू दे.

रविवारी आप्पांना घेऊन ये. वसतिगृहांचे आणि मेसचे दर मी मागवून ठेवते. हिशोब लांबला आणि शेवटची एसटी चुकली, तर दोघं इथंच मुक्काम करा.

तुझी,
मॅडम