मध्ययुगीन युरोपातील धर्मगुरूंना सामान्य लोकांची राजकीय सत्ता मान्य होती का?

सरसकट मान्य नव्हती, पण ती सगळ्यांनीच नाकारली असेही नाही. अकराव्या शतकात फ्रान्समधील लाँ शहराचे बिशप अदालबेरो यांनी समाजाचे प्रार्थना करणारे, लढणारे आणि राबणारे असे तीन भाग केले. त्यात राबणाऱ्यांच्या वाट्याला कष्टच आले, अधिकार नव्हे.

त्याच शतकात, १०८५ च्या सुमारास, जर्मन सम्राट चौथा हेन्री आणि पोप सातवे ग्रेगरी यांच्या संघर्षात पोपची बाजू घेणाऱ्या लाउटेनबाखच्या मानेगोल्ड या धर्मगुरूंनी एक विलक्षण दाखला दिला. मजुरी ठरवून ठेवलेला डुकरे राखणारा गडी जर डुकरे राखण्याऐवजी चोरू, मारू किंवा हरवू लागला, तर मालक त्याची मजुरी रोखून त्याला हाकलून देतो. त्याचप्रमाणे, ज्या करारापोटी लोकांनी राजाला वर चढवले तो करार राजानेच मोडला, तर लोकही त्याच्या आज्ञेतून मोकळे होतात. राजाची तुलना थेट डुकरे राखणाऱ्याशी करण्याचे हे धाडस मला आजही थक्क करते. मात्र या ‘लोकां’च्या नावाने प्रत्यक्षात उठाव करणारे सरदारच होते, आणि मानेगोल्ड यांना मुख्यतः पोपचा पक्ष बळकट करायचा होता, हे नजरेआड करू नये.

खऱ्या अर्थाने शेतकऱ्यांच्या बाजूने बोलले ते इंग्लंडचे पाद्री जॉन बॉल. आदम जमीन खणत होता आणि हव्वा सूत कातत होती तेव्हा उमराव कोण होता, असा प्रश्न त्यांनी १३८१ च्या बंडात जमावापुढे मांडला, आणि त्याच वर्षी जुलैत त्यांना देहदंड झाला.