मुंबईहून पहिल्यांदाच क्रूझला जाताय? मग हे वाचा

बॅलार्ड पिअरला, म्हणजे क्रूझच्या धक्क्यावर, जहाज सुटायच्या वेळेवर नाही, बोर्डिंग पासवर दिलेल्या वेळेवर पोहोचा. गेट जहाज सुटायच्या आधीच बंद होतं आणि मग कुणी ऐकत नाही. सीएसएमटीहून टॅक्सीने जवळच आहे. वेब चेक-इन घरूनच करून ठेवा. ओळखपत्र मूळच हवं.

सगळ्यात महत्त्वाचं सामानाचं. मोठ्या बॅगा टॅग लावून तिथेच ताब्यात घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी यायला कधी कधी संध्याकाळ होते. म्हणून औषधं, चार्जर, लहानग्यांचं दूध-खाऊ, पोहायचे कपडे खांद्यावरच्या पिशवीतच ठेवा. आईबाबांच्या बीपीच्या गोळ्या तर नक्कीच! इस्त्री आणि घरची दारू स्कॅनरमध्ये अडते, नेऊच नका.

जहाजावर गेल्यावर सुरक्षेचा सराव होतो, तो अजिबात टाळू नका. 2012 मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज खडकावर आपटलं, तेव्हा नुकत्याच चढलेल्या कित्येकांचा सराव झालेलाच नव्हता. सात छोटे भोंगे आणि एक लांब, म्हणजे आपल्या जमायच्या जागी जायचं. ती जागा केबिनच्या दारामागे लिहिलेली असते. मुलांना एकदा चालवत नेऊन दाखवा.

आणि किनारा दिसतोय तोवरच घरी फोन करून घ्या, पुढे रेंज जाते.