रिला मॉनेस्ट्री दोन तासांत उरकता येईल का?

येईल. बल्गेरियातला हा ख्रिस्ती मठ राजधानी सोफियाहून सव्वाशे किलोमीटरसुद्धा नाही, सकाळी निघून संध्याकाळी परत येता. पण "दोन तास पुरेत ना?" हे तुमचं वाक्य मी आमच्या दाजींच्या तोंडून तिथल्याच अंगणात ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

दाजींनी गाडीवाल्याशी दोनच तास ठरवले होते. त्यातला पाऊण तास मागच्या दाराबाहेर मेकित्सी खाण्यात गेला. भटुऱ्याच्या जवळपासचा प्रकार, वर पिठीसाखर. चांगली लागते, नाही म्हणत नाही. मग चर्चच्या ओसरीतली चित्रं पळत पळत बघितली. मांत्रिकणीकडे जाणाऱ्या बायका आणि भोवती नाचणारी भुतं! 1833 च्या आगीत मठ जळाला, तो पुन्हा उभा केला तेव्हाचं हे काम. झाहारी झोग्राफ हा त्यातला नावाजलेला चित्रकार.

आत मी आईसाठी मेणबत्ती लावली, वरच्या तबकात, बाकीच्या जळत होत्या तिथेच. डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी काहीतरी विचारू लागली. मी छताकडे बोट करून हात जोडले. तिने मेणबत्ती तशीच पेटती उचलली आणि खालच्या वाळूत रोवली. वर जिवंत माणसांसाठी, खाली गेलेल्यांसाठी, हे मला नंतर कळलं. ती संपेपर्यंत मी हललो नाही. काडीसारखी बारीक, तरी वेळ घेते. तेवढ्यात दाजींचे तीन मिस्ड कॉल.

संग्रहालय राहिलं ते राहिलंच. राफाईल नावाच्या साधूने बारा वर्षं कोरून 1802 मध्ये पुरा केलेला लाकडी क्रॉस तिथे आहे, त्यात साडेसहाशे चिमुकल्या आकृत्या. "क्रॉसच ना? गोव्यात बघितलेत की," इति दाजी. ताईही गप्प. आई तिचीही होती.

त्यामुळे माझं ऐकाल तर मुक्काम करा. मठातच साध्या खोल्या मिळतात. (मी स्वतः राहिलेलो नाही, हेही सांगून टाकतो.) 1147 मीटरवर आहे, उन्हाळ्यातही स्वेटर ठेवा. हाफ पँट नको, चर्चच्या आत फोटो काढू देत नाहीत. आणि बरोबर कुणी दाजी असतील तर त्यांची गाडी वेगळी ठरवा.