टर्बो निकामी, हमी नाकारली: इंजिन उघडण्याच्या संमतिपत्रावर सही करावी का?

नाशिकच्या एका वाचकांनी आपली अडचण कागदपत्रांसह कळवली आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये त्यांनी एक लिटर क्षमतेच्या, तीन सिलिंडरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाची नवी मोटार 13 लाख 40 हजार रुपयांना घेतली आणि वेगळे पैसे भरून तिची हमी पाच वर्षे किंवा एक लाख किलोमीटरपर्यंत वाढवून घेतली. दर 15,000 किलोमीटरला किंवा दर वर्षी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, सर्व्हिसिंग करून घ्यावे, अशी हमीची अट आहे. पहिली दोन सर्व्हिसिंग वेळेवर झाली. तिसरे फेब्रुवारी 2025 मध्ये व्हायला हवे होते, ते सात आठवडे उशिरा, एप्रिलमध्ये, 42,900 किलोमीटरला झाले. त्याआधी नोव्हेंबर 2024 मध्ये ऑइलची पातळी खाली गेलेली दिसली म्हणून त्यांनी घराजवळच्या गॅरेजमध्ये एक लिटर ऑइल भरून घेतले होते. जुलै 2025 मध्ये मुंबईहून परतताना कसारा घाट चढत असताना गाडीचा पिकअप एकाएकी गेला आणि मागून निळसर धूर येऊ लागला. त्या वेळी मीटरवर 47,000 किलोमीटर होते. अधिकृत सर्व्हिस सेंटरने टर्बो निकामी झाल्याचे आणि इंजिनात गाळ साचल्याचे सांगून 3 लाख 10 हजारांचे एस्टिमेट दिले. 18 ऑगस्ट 2025 च्या ई-मेलने, ‘सर्व्हिसिंगला विलंब व बाहेरचे ऑइल’ या कारणांसाठी हमी नाकारण्यात आली. आता इंजिन उघडण्यास लेखी संमती द्या, नाहीतर रोज 500 रुपये पार्किंग आकार भरा, असा तगादा सुरू आहे. उशिरा सर्व्हिसिंगमुळे हक्क बुडाला का आणि गाडीची पूर्ण किंमत परत मागता येईल का, असे वाचकांचे दोन प्रश्न आहेत.

उत्तर

सप्रेम नमस्कार. आपल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे पुढे देतोच. परंतु आपण न विचारलेली एक गोष्ट आधी सांगणे मला अधिक निकडीचे वाटते. सर्व्हिस सेंटरने पुढे केलेल्या संमतिपत्रावर तूर्त सही करू नये. आपल्या प्रकरणाचा निकाल ज्या पुराव्यावर लागणार आहे, तो आज त्या बंद इंजिनात आहे, आणि इंजिन आपल्या गैरहजेरीत उघडले, धुतले गेले व जुने भाग भंगारात गेले, तर तो पुन्हा उभा करता येणार नाही.

याचे कारण या इंजिनाच्या रचनेत आहे. टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारे यंत्र. त्याचे चाक इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवर फिरते. पेट्रोल इंजिनात या वायूंचे तापमान पूर्ण भार असताना 900 अंश सेल्सिअसच्याही वर जाते आणि छोट्या टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांहून अधिक फेरे घेतो. हा दांडा बेअरिंगमध्ये इंजिन ऑइलच्या अत्यंत पातळ थरावर तरंगत असतो. तो थर क्षणभर तुटला तरी धातूवर धातू घासतो, दांडा डुगडुगू लागतो, ऑइल टर्बोमधून गळून जळते आणि निळा धूर व पिकअप जाणे ही दोन्ही लक्षणे एकदम दिसतात. आपल्या गाडीत नेमके हेच झालेले दिसते. प्रश्न एवढाच उरतो की ऑइलचा थर तुटला कशामुळे. मालकाने ऑइल वेळेवर न बदलल्यामुळे ते जळून त्याचा गाळ झाला असेल, हे एक कारण असू शकते. परंतु टर्बोला ऑइल पुरवणारी बारीक नळी तुंबणे, ऑइल पंपाचा दाब कमी पडणे, टर्बोचे सील मुळातच सदोष असणे किंवा पिस्टनच्या रिंगा नीट न बसल्यामुळे ऑइल जळत राहून पातळी खाली जाणे, हीदेखील तितकीच संभवनीय कारणे आहेत आणि त्यांपैकी एकाचाही दोष मालकाकडे जात नाही.

ही कारणे खुणांवरून वेगळी ओळखता येतात. ऑइल न पोहोचल्यामुळे घासलेल्या दांड्यावर तापाने आलेली निळी झाक आणि चरे दिसतात. बाहेरची वस्तू आत गेली असेल तर चाकाच्या पात्यांच्या कडा तुटलेल्या असतात. गाळ सगळ्या इंजिनात सारखा साचला आहे की केवळ टर्बोच्या नळीतच ऑइल करपले आहे, यालाही फार महत्त्व आहे. शिवाय इंजिनाच्या संगणकात बिघाडाची नोंद राहते: टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी पडल्याचा पी0299 हा संकेत आणि त्या क्षणीचा वेग, भार व तापमान. ही नोंद स्कॅनरच्या एका बटणाने पुसता येते. म्हणून तिची छापील प्रत आपण आजच लेखी मागावी.

आता विलंबाविषयी. सात आठवड्यांचा विलंब झाला, हे आपण नाकारू नये. नाकारल्यास आपली बाकीची विधानेही संशयास्पद ठरतील. परंतु अट मोडली एवढ्यावरून हमी आपोआप संपत नाही, असा आपला युक्तिवाद असला पाहिजे: ज्या बिघाडासाठी हमी नाकारली, तो त्याच विलंबामुळे झाला, हे नाकारणाऱ्याने दाखवावे. विमा प्रकरणांत, अपवादाच्या कलमावर बोट ठेवणाऱ्यानेच तो अपवाद लागू असल्याचे सिद्ध केले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी म्हटले आहे आणि हमीच्या अपवादालाही तेच सूत्र लावावे, असे ग्राहक आयोगापुढे मांडता येते. बाहेरच्या गॅरेजच्या बाबतीत भारतीय स्पर्धा आयोगाचा 25 ऑगस्ट 2014 चा आदेश उपयोगी पडेल. त्यात 14 मोटार कंपन्यांना सांगितले होते की बाहेर काम करून घेतले म्हणून सरसकट हमी रद्द करू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. या आदेशावर पुढे अपिले झाली, म्हणून त्याचा आधार ‘बंधनकारक निवाडा’ म्हणून घेऊ नये. हे तत्त्व एका वैधानिक संस्थेने वाजवी मानले, एवढ्यापुरता तो अवश्य मांडावा. गॅरेजच्या बिलावर ऑइलची श्रेणी लिहिलेली आहे आणि ती आपल्या पुस्तिकेतील श्रेणीशी जुळते. हे बिल जपून ठेवावे.

आपण पाठवलेल्या कागदांमध्ये मला सर्वांत मोलाचे वाटले ते मात्र फेब्रुवारी 2024 चे, म्हणजे दुसऱ्या सर्व्हिसिंगचे जॉब कार्ड. त्यावर ‘ग्राहकाची तक्रार’ या रकान्यात ऑइलची पातळी कमी होत असल्याचे लिहिलेले आहे आणि खाली सल्लागाराने ‘नॉर्मल, टॉप-अप केले’ असा शेरा मारून सही केली आहे. ही एक ओळ आपल्या बाजूने फार मोठे काम करते. ऑइल कमी होण्याची तक्रार फेब्रुवारी 2024 ची आणि विलंबाला सुरुवात झाली फेब्रुवारी 2025 नंतर. म्हणजे दोष विलंबाच्या वर्षभर आधीपासून दिसत होता आणि नंतर घडलेली गोष्ट आधीच्या गोष्टीचे कारण होऊ शकत नाही. काही कंपन्यांच्या पुस्तिकांत टर्बो इंजिनाला हजार किलोमीटरमागे अर्धा लिटरपर्यंत ऑइल लागणे नेहमीचे मानलेले असते, तेव्हा ‘नॉर्मल’ या शेऱ्याचा बचाव त्या आधारे केला जाईल. यासाठी आपल्या पुस्तिकेतील मर्यादा पाहावी आणि ऑइल खरोखर किती लागत होते याचा हिशेब बिलांवरून मांडावा.

दुसरी जमेची बाजू एप्रिल 2025 च्या सर्व्हिसिंगची. सेंटरने विलंब माहीत असूनही गाडी दाखल करून घेतली, पैसे घेतले, जुने ऑइल काढून नवे भरले आणि जॉब कार्डावर गाळाचा किंवा हमी संपल्याचा एका शब्दानेही उल्लेख केला नाही. त्यानंतर गाडी जेमतेम 4,100 किलोमीटर चालली. गाळ तेव्हा होता, तर काढलेल्या ऑइलमध्ये तो प्रशिक्षित मेकॅनिकला दिसला कसा नाही. आणि तेव्हा नव्हता, तर तो आपल्या विलंबामुळे साचला असे म्हणता येत नाही. या प्रश्नाचे उत्तर सामनेवाल्यांना, म्हणजे कंपनी व सर्व्हिस सेंटरला, द्यावेच लागेल.

आता इंजिनाची तपासणी कशी व्हावी, ते पाहू. कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला, विक्रेत्याला आणि वाढीव हमीच्या कागदावर ज्या संस्थेचे नाव असेल तिला स्पीड पोस्टाने व ई-मेलने नोटीस द्यावी. इंजिन उघडण्यास आपला विरोध नाही, मात्र ते आपल्या व आपल्या तज्ज्ञाच्या समक्ष, चित्रीकरण करून उघडावे, जुने भाग मोहोरबंद करून ठेवावेत आणि त्याआधी कॉम्प्रेशन चाचणी (सिलिंडरमधील दाबाची मोजणी) व बारीक कॅमेऱ्याने सिलिंडरची पाहणी करावी, असे त्यात स्पष्ट लिहावे. या दोन्ही तपासण्यांसाठी इंजिन सोडवावे लागत नाही. पिस्टनच्या रिंगांमधील कडा तुटलेल्या आढळल्या तर मात्र वेगळी शक्यता समोर येते: कमी वेगात जास्त भार दिल्यावर इंधन ठिणगीच्या आधीच पेटणे, हा थेट इंधन फवारणीच्या छोट्या टर्बो इंजिनांचा ओळखीचा विकार आहे आणि त्याचा संबंध ऑइलच्या श्रेणीशी जसा असतो तसाच कंपनीने ठरवलेल्या इंजिनाच्या संगणकीय मांडणीशीही असतो. ऑइलचे दोन नमुने स्वच्छ बाटल्यांत घेऊन त्यांवर दोन्ही पक्षांच्या सह्या घ्याव्यात; प्रयोगशाळेत त्यातील धातूचे कण, दाटपणा आणि मिसळलेले पेट्रोल मोजता येते. तज्ज्ञ म्हणून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या यंत्र विभागातील प्राध्यापक चालतील. मोबाइलवरील चित्रीकरणासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे. आयोग पुराव्याच्या नियमांना काटेकोरपणे बांधलेला नसला तरी आक्षेपाला जागा कशाला ठेवायची?

सामनेवाले दाद देत नसतील, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार नाशिक जिल्हा आयोगात तक्रार दाखल करावी. दिलेल्या मोबदल्याची रक्कम 50 लाखांच्या आत असल्याने अधिकारक्षेत्र जिल्हा आयोगाचे आहे, आपण राहता तिथेच तक्रार करता येते आणि 10 ते 20 लाखांच्या टप्प्यासाठी शुल्क 400 रुपये आहे. कलम 38 खाली आयोग वस्तू तपासणीला पाठवू शकतो, त्याचा खर्च सुरुवातीला आपल्याला भरावा लागतो. त्याच कलमाच्या पोटकलम 8 खाली पुरावा जपण्याचा अंतरिम आदेशही मागता येतो आणि तो तक्रारीसोबतच मागावा. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. ती 18 ऑगस्ट 2025 पासून मोजावी. पुढच्या पत्रव्यवहाराने ती वाढेल, या भरवशावर राहू नये.

तक्रार ‘सदोष वस्तू’ आणि ‘सेवेतील त्रुटी’ या दोन मुद्द्यांवर उभी करावी. नव्या कायद्यात उत्पादन दायित्वाचे, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या जबाबदारीचे, स्वतंत्र प्रकरण आहे म्हणून अनेक जण तेही जोडतात. परंतु त्यासाठी ‘हानी’ची जी व्याख्या कलम 2(22) मध्ये आहे, तिच्यातून खुद्द त्या वस्तूचे नुकसान वगळलेले आहे. आपले नुकसान इंजिनाचेच असल्याने तो मार्ग आपल्याला लागू पडत नाही.

गाडीच्या पूर्ण किमतीच्या मागणीचा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. 2006 साली क्लचच्या दोषाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, सदोष भाग बदलून देता येत असेल आणि हमीही भाग बदलून देण्याचीच असेल तर संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही, असे म्हटले होते. आपली गाडी 47,000 किलोमीटर चालली आहे. टर्बो व इंजिनाची हमीखाली विनामूल्य दुरुस्ती, गाडी बंद असलेल्या काळातील प्रवासखर्च बिलांसह, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च, एवढी मागणी वाजवी आहे व टिकणारीही आहे.

पार्किंग आकाराला लेखी हरकत घ्यावी. भारतीय करार कायद्याच्या कलम 170 नुसार, केलेल्या कामाच्या मोबदल्यापोटी वस्तू अडवून ठेवता येते. इथे काम झालेलेच नाही आणि गाडी तिथे उभी आहे ती हमीच्या वादामुळे. उलट कलम 151 प्रमाणे ताब्यातील गाडीची योग्य काळजी घेणे सेंटरवर बंधनकारक आहे. गाडीची आपल्याला तातडीने गरजच असेल, तर संयुक्त तपासणी उरकल्यानंतर ‘हक्क राखून’ असे बिलावर लिहून पैसे भरावेत, जुना टर्बो व भाग ताब्यात घ्यावेत आणि ती रक्कम परत मागावी.

नोटीस पोहोचल्यावर बहुधा निम्म्या खर्चात दुरुस्ती करून देण्याचा प्रस्ताव येईल. तो लगेच झिडकारू नये. 3 लाख 10 हजारांपैकी मोठा वाटा कंपनी उचलत असेल तर वर्षानुवर्षांच्या तारखांपेक्षा तो बरा असू शकतो. मात्र त्यासोबतच्या कागदावर ‘माझी कोणतीही तक्रार शिल्लक नाही’ असे वाक्य असते. ते ठेवायचे असेल, तर बदललेल्या टर्बोवर व इंजिनावर हमी किती काळाची आणि मूळ वाढीव हमी फेब्रुवारी 2027 पर्यंत चालू राहणार की नाही, हे त्याच कागदावर लिहून घेतल्याशिवाय सही करू नये.