नसबंदीनंतर मांजर जाड झाली, एक दिवसाआड उपाशी ठेवलं तर चालेल का?

नाही ताई, उपाशी अजिबात ठेवू नका. बाकीचं नंतर वाचा, पण हे आधी. तुम्ही लिहिलंय की ऑपरेशनला आठ महिने झाले, तेव्हा ४ किलो होती, आता साडेपाच भरते आणि शेजारच्या काकू म्हणतात एक दिवसाआड खायला देऊ नका, आपोआप उतरेल. आपला उपास वेगळा अन मांजराचा वेगळा. जाड मांजरानं दोन-तीन दिवस खाल्लं नाही की अंगातली चरबी लिव्हरमध्ये जाऊन साठते, लिव्हरला ती झेपत नाही, कावीळ होते आणि वेळेत उपचार नाही मिळाले तर मांजर जातं सुद्धा. म्हणून कमी करायचं ते रोज खाऊ घालूनच.

आमच्या लातूरच्या घरी हेच झालं होतं. आमची चिंगी आधी दोन घास खाऊन माळवदावर निघून जायची, ऑपरेशननंतर आठवडाभरातच वाटीपाशी ठाण मांडून ओरडायला लागली, आणि आई म्हणायची लेकरू अशक्त झालंय, मागायलंय तर दे की. अशक्तपणा नव्हता तो. अंडाशयातलं हार्मोन भूक आवरून धरतं, ऑपरेशननंतर ते बंद होतं म्हणून भूक वाढते, आणि नेमकी त्याच वेळी शरीराची कॅलरीची गरज २० ते ३० टक्क्यांनी कमी होते. म्हणजे वाटीत पूर्वीइतकंच टाकलं तरी मांजर जाड होणार, आणि आपण तर जास्त टाकतो. घरचे आता म्हणत असतील ऑपरेशन केलं म्हणूनच फुगली, तर ते मनावर घेऊ नका, गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा धोका गेलाय तिचा, तुम्ही योग्यच केलं.

आता हिशेब. ४ किलोच्या नसबंदी झालेल्या मांजराला दिवसाला साधारण २४० कॅलरी लागतात, आणि वजन उतरवायचं असेल तर १६० च्या आसपास. कोरड्या खाद्यात १०० ग्रॅमला ३६० ते ४०० कॅलरी असतात (पाकिटावर बघा, कंपनीनुसार बदलतं), म्हणजे दिवसभराचं ४० ते ४५ ग्रॅम. पहिल्यांदा काट्यावर मोजून बघितलं तेव्हा मला विश्वासच बसेना, वाटीचा तळ कसाबसा झाकला होता. मुठीनं, अंदाजानं टाकू नका, दहा ग्रॅम इकडं तिकडं झाले तरी पाव जेवणाचा फरक पडतो. पण एकदम या आकड्यावरही येऊ नका, दोन आठवडे हळूहळू कमी करत या आणि शेवटचा आकडा डॉक्टरांना विचारून ठरवा.

खरी अडचण मांजराची नसतेच, घरात खाऊ घालणारे हात किती आहेत त्याची असते. आमच्याकडं आई सकाळी द्यायची, मी ऑफिसातून आल्यावर द्यायची, आणि आजोबा रात्री स्वतःच्या वाटीतलं म्हशीचं दूध भाकर कुस्करून तिच्यापुढं ठेवायचे, कुणाचं कुणाला माहीत नाही. म्हशीच्या दुधात १०० मिलीला जवळपास १०० कॅलरी, म्हणजे अर्धी वाटी दूध प्यायली की तिचा अर्धा दिवस तिथंच संपला. आणि दूध-भाकरीवर मांजर पोसत नाही हो, त्याला मांसातलं प्रोटीन लागतं, मोठ्या मांजरांना तर बऱ्याचदा दूध पचतही नाही. आजोबांना नाही म्हणणं जिवावर आलं होतं, ऐंशीच्या माणसाचा तेवढाच विरंगुळा. मग मी एक स्टीलचा डबा केला, सकाळी त्यात ४५ ग्रॅम मोजून भरायचं, ज्याला द्यायचं त्यानं त्याच डब्यातून द्यायचं, डबा रिकामा म्हणजे चिंगीचं जेवण झालं. रात्रीचे शेवटचे दहा-बारा दाणे आजोबांसाठी राखून ठेवायचे, ते एकेक दाणा ओसरीवर लांब फेकायचे आणि ती पळत जाऊन टिपायची. दुधापेक्षा दोघांनाही हेच जास्त आवडायला लागलं. उकडलेलं चिकन द्यायचं असेल तर बिनामिठाचं, कांदा-लसूण अजिबात नको (विषारी आहे त्यांना), आणि २५ ग्रॅम दिलं तर डब्यातले १० ग्रॅम काढून घ्या.

खाद्य बदलायचं असलं तर सात ते दहा दिवस जुन्यात नवीन मिसळत जा. मी एका दिवसात बदललं होतं, चिंगीनं दीड दिवस तोंड लावलं नाही, तो दीड दिवस मी कसा काढला मलाच माहीत. ओलं खाद्य परवडत असेल तर चांगलं, त्यात तीन चतुर्थांश पाणी असतं, पोट भरतं आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये पाणीही जातं पोटात. त्या उन्हात दुपारी मांजर हलत नसतं, तिला उठवू नका, पहाटे आणि दिवस मावळल्यावर पाच-पाच मिनिटं खेळवा. सुतळीला चिंधी बांधून खेळवलं तर झाल्यावर सुतळी उचलून ठेवा, गिळली तर आतड्यात अडकते.

पोटाखाली लोंबणारी कातडी बघून घाबरू नका, ती सडपातळ मांजरालाही असते. बरगड्या चाचपा. हाताच्या पाठीवरून बोट फिरवलं की हाडं जशी लागतात तशा लागल्या तर वजन बरोबर, तळहातासारखं नुसतं मऊ लागलं तर जाड. वजन आठवड्यातून एकदा, भाजीच्या पिशवीत बसवून रद्दीवाल्याकडं असतो तसल्या हुकाच्या काट्यावर, आणि पिशवीचं वजन वजा करा. आठवड्याला ५० ग्रॅम उतरलं तरी भरपूर, शंभराच्या वर सारखं उतरत असेल तर खाणं वाढवा. दीड किलो जायला सहा-सात महिने लागतील, चिंगीला आठ लागले.

सुरू करायच्या आधी एकदा डॉक्टरांना दाखवाच, पाणी जास्त पीत असेल, लघवी वाढली असेल तर शुगर तपासावी लागते. गावात मांजर बघणारं कुणी नसेल तर परभणी आणि उदगीर दोन्हीकडं पशुवैद्यकीय कॉलेज आहे, जवळ पडेल तिथं न्या. आणि ती उभी असताना बरोबर वरून एक फोटो काढून इथं टाका, कंबर दिसतेय का बघून सांगते.